ओवाळणीतला चौथा डाव

प्रिय आक्का,

परवा दाजी केजला आले होते. खताच्या दुकानाचं काम आहे म्हणाले, पण काम काहीच नव्हतं. चहा घेतला, थोडा वेळ पंख्याकडं बघत बसले आणि मग पिशवीतून तुझा लॅपटॉप काढून माझ्या पुढ्यात ठेवला. "ह्याच्यात तिचं काय काय हाय ते तूच बघ," म्हणाले. "मला त्याचं झाकण उघडायलाबी जीव होत न्हाई." एवढंच बोलले आणि नांदूरघाटच्या गाडीला निघून गेले.

मी झाकण उघडलं. स्पेसच्या बटणाच्या फटीत अजून ज्वारीचं पीठ आहे. पडद्यावर एकच चित्र होतं, आपल्या 'गढी' गेमचं. त्यावर दाबलं तर माझ्याच हातानं लिहिलेली ओळ समोर आली: 'खेळण्यासाठी इंटरनेट जोडा.'

म्हणून हे पत्र लिहितोय. भाऊबीज सहा दिवसांवर आली आहे, आणि गेल्या भाऊबीजेला तू मागितलेलं मी दिलं नव्हतं. तू असताना बोलायला हवं होतं ते आता कागदावर काढतोय. हवं तर शिव्या दे मला. तू कधी दिल्या नाहीस, तिथंच सगळा घोळ झाला!

आठवतं का तुला बाबांचं टायपिंग इन्स्टिट्यूट? पुढच्या खोलीत टाइपरायटरांची खडखड आणि मागच्या खोलीत नवे घेतलेले दोन कॉम्प्युटर. त्यातल्या एकावर कुणीतरी राज्य उभं करायची, लढायची गेम टाकून ठेवली होती. सकाळची बॅच सुटली की आपण दोघं एकाच खुर्चीवर अर्धे अर्धे बसायचो. माउस तुझ्याकडं, कीबोर्ड माझ्याकडं. तू लाकडाला माणसं पाठवायचीस, शेतं पेरायचीस, भिंती बांधायचीस. मला नुसते घोडेस्वार हवे असायचे.

"आक्का, चल ना, लढाई करू!"

"आरं, आदी त्यांच्या पोटाचं तर बघू दे मला."

अकराला लाइट जायची. पावणेअकरा झाले की तू डाव सेव्ह करायचीस, मग काहीही चाललेलं असो. एकदा ऐन लढाईत मी तुझा हात धरून ठेवला, सेव्ह करूच दिलं नाही. त्या दिवशी लाइट दहा मिनिटं आधीच गेली आणि आठवडाभराचा डाव बुडाला. वर मीच तुझ्यावर फुगून बसलो, आणि तू मला भेळ खाऊ घालून समजावलंस. माझी चूक आणि समजूतही माझीच काढायची, ही सवय तू मला तेव्हापासून लावलीस.

पुढं तुझं लग्न झालं, तू नांदूरघाटला गेलीस. मी शिकायला पुण्याला गेलो, तिथंच नोकरी केली आणि मग एक दिवस गाठोडं बांधून परत आलो. बाबांच्या त्याच मागच्या खोलीत मी आणि माझा दोस्त सलीमनं स्वतःची गेम करायला घेतली. आपल्याकडच्या मातीच्या गढ्या, पायऱ्यांच्या बारवा, पाणक्ये, राखणदार. आई म्हणाली, पोरगं कामातून गेलं.  तू एकटी फोनवर म्हणालीस, "मला कवा खेळायला देणार?"

त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी साडी आणली होती. तू ओवाळलंस, ताटातली साडी उचलून बाजूला ठेवलीस आणि म्हणालीस, "साड्यांनी कपाट भरलंय रे. मला एक डाव करून दे. माझ्या एकटीला खेळता येईल असा." आई डोक्याला हात लावून बसली! ओवाळणीत कुणी गेम मागतं का?

पण मी दिला. पहिला डाव विहिरीचा. शत्रू यायच्या आत पाणी लागायला हवं. दुसऱ्या वर्षी बाजाराचा. सिरसाळ्याहून तलवाड्याला धान्याच्या गाड्या न्यायच्या, वाटेत लुटारू. तिसऱ्या वर्षी बारवेचा. चहूबाजूंनी वेढा पडलाय, हाताशी मोजके राखणदार, आणि जखमी झाला की बारवेचं पाणी पाजून त्याला उभा करायचा. हा तुझा सगळ्यात लाडका. तुझे तिन्ही डाव आम्ही जसेच्या तसे गेममध्ये घातले, एकट्यानं खेळणाऱ्यांसाठी.

तू कशी खेळायचीस ते मी एकदा उभा राहून बघितलं होतं. ओट्याच्या कोपऱ्यात, पिठाच्या डब्याला टेकवलेला लॅपटॉप. तव्यावर भाकरी टाकली की दोन गवंडी कामाला लावायचे, आणि भाकरी उलटायच्या आत पॉज. तुझ्या सासूनं, आत्याबाईंनी, हाक मारली की पॉज. दूधवाला आला की पॉज. पिठाच्या हातानंच. मी हसलो तर म्हणालीस, "हस हस. तुझ्या समद्या गेममधी मला हे एकच बटण लई आवडतं. हे दाबलं की समदे जिथल्या तिथं थांबत्यात. घरात असं कुणी थांबत न्हाई."

मी ते विनोद म्हणून सलीमला सांगितलं होतं, आक्का. विनोद म्हणून!

मग गेम चालायला लागली. शहरातली पोरं एकमेकांविरुद्ध खेळायला लागली. आमच्या गेममध्ये बुद्धिबळासारखी पाळी नसते, दोघंही एकाच वेळी धावत असतात. जो चटकन हात चालवतो तो जिंकतो. मल्टिप्लेयरमध्ये पॉज नसतो. कसा असणार? एकानं थांबवलं तर दुसऱ्यानं काय करायचं? ते जिंकणं-हरणं, ती क्रमवारी, रोजचे मेसेज, यांची मला झिंग चढली. मी सलीमला सांगून टाकलं की आता सगळं काम मल्टिप्लेयरचंच करायचं.

"आबे, आन् एकट्यानं खेळणाऱ्यांचं?" सलीम म्हणाला.

"कोण खेळतंय एकट्यानं? हे बघ." मी त्याला आमच्या सर्व्हरची यादी दाखवली. कोण कधी आलं, किती वेळ खेळलं, सगळं त्यात दिसायचं. एकट्यानं खेळणारे अगदीच थोडे होते. सलीमनं यादी वरखाली करून बघितली आणि कामाला लागला. मलाही वाटलं, बोलतीच बंद केली याची.

त्या यादीत तू नव्हतीस, आक्का. कशी असणार? तू नेट न लावता खेळायचीस. नेट न लावता खेळणारं कुणीच त्या यादीत येत नव्हतं. आम्ही ज्यांना मोजत होतो ते नेटवर होते म्हणूनच मोजले जात होते, आणि हे दोन इंजिनिअरांच्या डोक्यात आलं नाही. माझी सख्खी बहीण रोज माझी गेम खेळत होती आणि मी छातीठोकपणे म्हणत होतो, कोण खेळतंय एकट्यानं! हे मला परवा, तुझा लॅपटॉप मांडीवर घेतल्यावर कळलं.

आणि तो गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातला डाव. मीच मागं लागलो होतो. "आक्का, एकदा तरी माझ्याशी ऑनलाइन खेळ. काय ते म्हाताऱ्यासारखं एकटी एकटी!" तू नको नको म्हणत आलीस. दुपारची वेळ होती. तू नेहमीसारखी आधी शेतं पेरलीस, विहीर खणलीस. मग खाली मेसेज आला: 'थांब, आले.'

मी थांबलो नाही.

तुझी माणसं शेतात उभी होती. राखणदार दारात होते, पण त्यांना हुकूम द्यायला कुणी नव्हतं. मी घोडेस्वार आत घातले. तू परत आलीस तेव्हा पडद्यावर 'पराभव' लिहिलेलं होतं. मी फोन करून खो खो हसलो. "अगं, लढाईत कुणी थांबतं का?" तू पण हसलीस. "आत्याबाईला गरम पाणी पायजे होतं रे," एवढंच म्हणालीस. त्यानंतर तू माझ्याशी कधीच खेळली नाहीस आणि मीही कधी विचारलं नाही. त्या दिवशी तू खरंच हसली होतीस का गं?

त्याच महिन्यात ऑनलाइनवाल्या पोरांनी बारवेवरून ओरडा केला. बारवेनं जखमी फार लवकर बरे होतात, लढाई संपतच नाही म्हणे. मी बारवेची ताकद निम्मी केली. एका आकड्याचा बदल, दोन मिनिटांचं काम. पोरं खूश झाली. पण तुझा तिसरा डाव सगळा त्या बारवेवर उभा होता हे मला आठवलंसुद्धा नाही.

त्याच वर्षी श्रावणात तुझ्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं. मंगळवार आणि शुक्रवार अंबाजोगाई. दवाखान्याच्या तळघरात, मशीनला जोडून चार चार तास. तुझा ओंकार लातूरला शिकवणीला, दाजी बाहेर बाकड्यावर, आणि तू आत लॅपटॉप घेऊन. मी भेटायला आलो तेव्हा म्हणालीस, "पिंट्या, तो बारवेचा डाव आता जमंना बघ. चारदा हरले. आदी डोळे झाकून जिंकायची. औषधानं डोकं चालंना झालंय माझं."

तेव्हा तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती. तुझं डोकं चांगलं चालत होतं. माझंच ठिकाणावर नव्हतं. मी फोनवर कुणाशी तरी स्पर्धेचं बोलत होतो आणि खुणेनंच तुला म्हणालो, होईल, होईल. तू हरत गेलीस आणि दोष स्वतःला देत गेलीस. हे मी कसं फेडू?

मग भाऊबीज आली, चौथ्या डावाची. मी पावलं मोजणारं घड्याळ आणलं होतं. महागातलं. तुझ्या डाव्या हाताला डायलिसिससाठी नस जोडलेली, त्या हातात घड्याळ घालायचं नसतं, एवढंही मी कुणाला विचारलं नव्हतं. तू ते गुपचूप उजव्या हातात बांधलंस. अर्ध्या घरात चालताना दम लागणाऱ्या बाईला मी पावलं मोजायला दिली! तू ओवाळलंस आणि हळूच विचारलंस, "डाव न्हाई का रे केला?"

"स्पर्धा आहे गं, आक्का. पुढच्या वर्षी नक्की."

"बरं. आंदा न्हाई तर पुढल्या बारीला."

तू कावून भांडली नाहीस? एकदा तरी ताट आपटायचं होतंस! म्हणायचं होतंस, घड्याळ नको, डाव दे. मी तिथंच बसून केला असता. कदाचित. आता मी असं म्हणतोय खरं.

दिवाळीनंतर आम्ही नवं अपडेट काढलं. काही पोरं लबाडी करून क्रमवारीत वर चढत होती. त्यांना धरायचं म्हणून मी ठरवलं की गेम उघडतानाच सर्व्हरला जोडली गेली पाहिजे. नेट नसेल तर उघडणारच नाही. सलीम म्हणाला होता, "आबे, एकट्याचं तरी तसंच राहू दे. ते कावून तोडतो?" मी म्हणालो, दोन दोन प्रकार कोण सांभाळत बसणार? सोमवारी तुझ्या घरी ते अपडेट आपोआप उतरलं. मंगळवारी तुझा तळघरातून फोन आला, दवाखान्याच्या तारेच्या फोनवरून, कारण तुझ्या मोबाइलला तिथं रेंज नसायची.

"पिंट्या, गेम उघडंना रे. नेट जोडा म्हणतीय. हितं खाली रेंज न्हाई."

"आक्का, आता सगळीकडं तसंच झालंय. वरच्या मजल्यावर खाट मागून घे ना."

"मशीन वर न्हाई नेता येत, येड्या," म्हणालीस आणि हसलीस.

स्पर्धा झाली की करतो, असं मी म्हणालो. स्पर्धा झाली. तिच्या मागून दुसरी आली. पुढं पुढं घरी तुला उठून बसवेना झालं, म्हणजे खेळायला तुझ्याकडं ते चार तासच होते, आणि ते मी बंद करून टाकले होते. त्यानंतर एकदा मी आलो तेव्हा लॅपटॉप पिशवीत होता आणि तू छताकडं बघत पडली होतीस. "काय करतेस?" विचारलं तर म्हणालीस, "काई न्हाई. मनात विहीर खणायली." मला वाटलं, तुला झोप येतेय.

चैत्रात तू गेलीस.

परवा ती ओळ बघितल्यावर मी कामाला बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सलीम आला, त्याला सगळं सांगितलं.  तो खुर्ची ओढून शेजारी बसला. एकट्यानं खेळायचं वेगळं केलं, त्याची बारव पहिल्यासारखी भरली, नेटची अट काढली. किती वेळ लागला माहीत आहे? एक दुपार, आक्का! तू त्या तळघरात हिवाळाभर छताकडं बघत पडलीस, आणि काम होतं एका दुपारचं.

संध्याकाळी तुझा लॅपटॉप नेट न लावता उघडला. गेम सुरू झाली. तू सेव्ह केलेले डाव ओळीनं लावलेले होते. नावं तू तुझ्याच हातानं दिलेली. 'भाकरी झाल्यावर'. 'आत्याबाई झोपल्यात'. 'ओंकारचा फोन आला'. 'लाइट जायच्या आत'. वाचता वाचता मला हसूही येत होतं आणि पुढचं धड दिसतही नव्हतं. सगळ्यात शेवटचा त्या सोमवारचा, अपडेट उतरायच्या थोडा आधीचा. त्याचं नाव 'राहिलेलं दवाखान्यात'.

तो उघडला. तिसरा डाव, बारवेचा, मी बिघडवलेल्या जुन्या आकड्यासकट सेव्ह झालेला. सलीम पुढं वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "आबे, ही तर जिंकत आलीय." खरंच आली होतीस! बारव पुरत नाही म्हटल्यावर तू पहिल्या डावातली युक्ती काढली होतीस. तटाच्या आतून बारीक बारीक विहिरी खणत गेली होतीस, प्रत्येक राखणदारामागं एक. अशा निम्म्या बारवेवर तो डाव जिंकता येतो हे गेम करणाऱ्या आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. शेवटच्या विहिरीपाशी पाणक्या घागर घेऊन पोहोचतच होता, आणि तू पॉज दाबला होतास. सगळे जिथल्या तिथं उभे आहेत, तसेच. त्या मंगळवारी तू मला फोन केलास तेव्हा तुझा डाव इथवर आला होता, आणि तू तेही सांगितलं नाहीस.

एवढ्या हुशार बाईला मी म्हाताऱ्यासारखं एकटी एकटी खेळते म्हणून चिडवत होतो.

आता ऐक. चौथा डाव मी करायला घेतलाय, भाऊबीजेपर्यंत होईल. त्यात एक भाऊ आहे, घोडेस्वारांचा सरदार. त्याला कॉम्प्युटर चालवतो. माणसं पोटभर जेवली आणि खेळणाऱ्यानं हो म्हटलं, की मगच तो दरवाजा उघडतो. तोवर हूं की चूं करत नाही. सलीम म्हणतो, असला भाऊ खऱ्यात कुठं असतो बे! मी म्हणालो, म्हणून तर करतोय.

मी तुला शब्द देतो, आक्का. दर भाऊबीजेला एक डाव निघेल. एकट्यानं खेळायचा, नेट न लावता, हवा तिथं थांबवता येईल असा. तो कुणी खेळलं का, किती जण खेळले, हे मला कधीच कळणार नाही. तशी सोय मी मुद्दामच ठेवलेली नाही. कुठल्या तरी ओट्यावर, कुठल्या तरी खाटेवर कुणीतरी खेळत असेल असं धरूनच मी यापुढं काम करीन.

दाजींना फोन केला होता. लॅपटॉप भाऊबीजेला घेऊन येतो म्हणालो. तुझा फोटो तिथं असेल, त्याच्यापुढं चौथा डाव ठेवीन. तिसरा मात्र मी पुढं चालवलेला नाही. एक बटण दाबलं तर तो पाणक्या विहिरीशी पोहोचेल आणि तू जिंकशील, मला माहीत आहे. सलीमनं दोनदा बोट पुढं केलं, मी दोन्ही वेळा त्याचा हात धरला. पण आधी डाव सेव्ह केला, लहानपणीसारखं नाही.

तू म्हणाली होतीस, थांब, आले. आक्का, मी थांबलोय.

तुझा,
पिंट्या
केज